आभाळाच्या पाठीमागची वीतबाई

"पुढून बघणाऱ्याचं काय जातं, आभाळ छानच दिसतं. एकदा मागून ये बघायला. मागून नुसती चाळण आहे, आणि चाळण म्हटली की धूळ आलीच."

"मला नको तुझी चाळण. इथं गाळणी धुऊन धुऊन हाताची सालं निघाली माझी," चहावाली मावशी म्हणाली आणि तिनं कप पुढे सरकवला. "ते सोड. बदलीचा कागद आणलास का? आज शेवटचा दिवस आहे."

"आणलाय. डब्याच्या पिशवीत आहे. लेकीनं भरून दिलाय सगळा. सही तेवढी खिडकीवर कारकुनासमोर करायची."

"मग आधी तो देऊन ये."

"खिडकी अकराला उघडते गं. साडेदहाला मी बाहेर येते, हातपाय धुते आणि देते. चारपर्यंत घेतात. अख्खा दिवस पडलाय."

"दिवस पडलाय म्हणणाऱ्याचाच दिवस पडतो."

"काळ्या जिभेची आहेस. आण आणखी अर्धा कप."

या अर्धा कप मागणारीला सगळे वीतबाई म्हणतात. खरं नाव हजेरीपटावर आहे. पण ते मोठ्यानं वाचलं तर तीच मागे वळून बघेल, कुणाला हाक मारली म्हणून. उंची चार फूट चार इंच. खांदे सातवीतल्या पोरीचे असावेत तसे, आणि हात मात्र धोब्याचे. नोकरी तारांगणात. काम काय, तर आभाळ पुसायचं.

ही चेष्टा नाही. तारांगणाला बाहेरून सिमेंटचा घुमट आहे आणि आतून पत्र्याचा दुसरा. चित्र पडतं ते आतल्या पत्र्यावर. त्या पत्र्यांना मोहरीएवढी भोकं आहेत, लाखांनी. कारण आवाजाचे कर्णे पत्र्याच्या मागे बसवलेत आणि आवाज आरपार यायला हवा. दोन घुमटांच्या मध्ये सव्वा हाताची फट. तिला सगळे पोकळी म्हणतात. पोकळीत धूळ साचते, भोकं बुजतात आणि आभाळाला अवकळा येते, आजारी माणसाच्या तोंडावर येते तशी. म्हणून रोज सकाळी एक रांग पुसायची. रांगा अठ्ठावीस. अठ्ठाविसाव्या दिवशी आभाळ लख्ख होतं, आणि एकोणतिसाव्या दिवशी पहिल्या रांगेत धूळ तिची वाट बघत असते.

एकोणीस वर्षांपूर्वी हे काम करायला चार गडी आणले होते. पहिला दारातच अडकला. दुसरा आत गेला आणि खांद्यानं अडकला, त्याला साबण लावून ओढून काढावा लागला. बाकीचे दोघे तो साबण बघूनच घरी गेले. वीतबाई तेव्हा खाली खुर्च्या झाडायला होती. व्यवस्थापकानं तिच्याकडे एकदा बघितलं, फटीकडे एकदा बघितलं आणि टेप मागवली. "माप घेऊन नोकरीत पक्की झालेली मी एकटीच," ती सांगते. "शिंप्यानं सुद्धा माझं एवढं नीट माप कधी घेतलं नव्हतं."

त्या मापानं तिला नोकरी दिली आणि त्याच मापानं तिला तिथं अडकवून ठेवलं. तिच्यामागून आलेल्या बाया तिकिटाच्या खिडकीत बसल्या, भांडारात गेल्या, एक तर पर्यवेक्षक झाली. वीतबाईनं तोंड उघडलं की व्यवस्थापक म्हणायचा, "अगं, तू गेलीस तर आभाळ कोण बघेल?" ऐकायला गोड. पण गोड बोलण्यानं गुडघे सरळ होत नाहीत. घरी नवरा म्हणायचा, "सावलीतलं काम आहे, करत राहा." नवरा स्वतः दिवसभर ट्रकमध्ये बसायचा, दुसऱ्यानं कसं वाकून राहावं, हे बसलेल्याला बरोबर सांगता येतं.

तीन वर्षांतून एकदा बदलीचे कागद निघतात. यंदा रस्त्यापलीकडच्या रोपवाटिकेत एक जागा होती. कुंड्या भरायच्या, पाणी घालायचं, रोपं लावायची. वीतबाईला फुलांचं काही कौतुक नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच, "एकोणीस वर्षांत कामावर मी बसले, रांगले, सरपटले, लटकले. उभी राहिले नाही. तिथं नळी धरून उभं राहायचं असतं." कागदावर कारणाच्या रकान्यात लेकीनं गोल अक्षरात लिहिलं होतं: अर्जदारास काम करताना उभे राहता येत नाही.

त्या दिवशी आठ वाजता ती नेहमीप्रमाणे वर गेली. वर म्हणजे गारव्याच्या यंत्रांच्या खोलीमागे एक लोखंडी जिना, जिन्याच्या टोकाला गुडघाभर उंचीचं दार. दाराला बाहेरून कडी. आत जाताना अनवाणी जायचं, नाहीतर नळ्यांवरून पाय घसरतो. चपला कडीला अडकवायच्या. दारावर चपला म्हणजे आत बाई. ही खूण एकोणीस वर्षं चालली होती आणि कुठं लिहिलेली नव्हती. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट लिहितं कोण? मोबाईल खाली ठेवायचा. एकदा तो हातातून सुटून दोन घुमटांच्या बुडाशी जाऊन पडला होता आणि नऊ दिवस तिथून वाजत होता; त्यानंतर व्यवस्थापकानं मनाईच केली. बरोबर फक्त मऊ ब्रश, ओलं फडकं, बादली, पाण्याची बाटली आणि टॉर्च.

जुना पहारेकरी त्या आठवड्यात रजेवर होता. नवा आला होता तो शिस्तीचा माणूस. दहाच्या सुमाराला तो फेरी मारत जिन्यावर आला. कडीला चपला लटकलेल्या. त्याला वाटलं, कुणीतरी गबाळ्यानं विसरलेल्या दिसतात. दार किलकिलं, आणि खालच्या पाटीवर लिहिलेलं, दार बंद ठेवावे. त्यानं दार ओढलं, कडी घातली, चपला दोन बोटांत धरून खाली नेल्या आणि मोठ्या दाराशी चपलांच्या मांडणीत नीट जोडीनं ठेवल्या. वाईट त्यानं काहीच केलं नाही. उलट चपलांवरची धूळही झटकली म्हणे.

वीतबाई तेव्हा घुमटाच्या दुसऱ्या अंगाला चौदाव्या रांगेत होती. रांग अर्धी झाली, बाकीची कागद देऊन आल्यावर. साडेदहाला ती सरपटत परत दाराशी आली, दार ढकललं, ते हललं नाही. खांदा लावला. मग पाठ लावली. मग दोन्ही पाय लावून बसली. दाराबाहेर गारव्याची यंत्रं अशी घरघरत होती की तिची हाक तिच्याच कानाला ऐकू येईना. दुसरं एक दार होतं उलट्या बाजूला. त्याच्यापुढे मोडक्या खुर्च्यांची रास लागून सहा वर्षं झाली होती.

"येईल कुणीतरी," ती स्वतःशी म्हणाली आणि फडकं पिळलं.

अकराला पहिला खेळ सुरू झाला.

खेळ दिवसातून पाच. चौघं निवेदक बदलले, पण हा पाचवा बारा वर्षं टिकला. त्याला सगळे आवाज म्हणतात. "आवाज आला का?" "आवाज जेवायला गेलाय." माणूस काटकुळा, पण बोलायला लागला की वाटतं आतून कुणी दुसराच जाडजूड बसलाय. त्याचा गाजलेला खेळ म्हणजे 'सगळ्यात मोठं काय?' पृथ्वीपासून सुरुवात. पाचव्या मिनिटाला सूर्य, ज्याच्या अंगावर एका ओळीत एकशे नऊ पृथ्व्या बसतात. दहाव्या मिनिटाला तो राक्षसी तांबडा तारा, जो सूर्याच्या जागी ठेवला तर गुरूच्या कक्षेपर्यंत पोचेल. अठराव्या मिनिटाला आपली आकाशगंगा. तिसाव्याला दीर्घिकांचा समूह. पस्तिसाव्याला समूहांचा महासमूह, पन्नास कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. चाळिसाव्याला दीर्घिकांची भिंत. पंचेचाळिसाव्याला विश्वातल्या रिकाम्या जागा. पन्नासाव्याला दिवे.

हे तिला घड्याळाहून पक्कं पाठ होतं. आत घड्याळ नव्हतंच.

पहिल्या खेळात तिनं भलेपणाचा विचार केला, म्हणजे लोकांचा खेळ मोडू नये असं ठरवलं. आकाशगंगेपर्यंत हा विचार टिकला. मग तिनं ब्रशच्या दांड्यानं पत्र्यावर ठोकलं. ठण, ठण, ठण. खाली लोक माना वळवून बघायला लागले. भोकातून तिला ते सगळं दिसत होतं. अंधारात खुर्च्यांच्या रांगा, वर केलेली तोंडं, एका म्हाताऱ्याचा उघडा पडलेला जबडा. तिला सगळे दिसत होते आणि ती एकालाही दिसत नव्हती.

"घाबरू नका," आवाज म्हणाला. "अंतराळात ध्वनी नसतो. हा आपला घुमट आहे. ऊन चढलं की पत्रा प्रसरण पावतो आणि बोलतो."

"पत्र्यामागं बाई आहे रे मुडद्या," वीतबाई म्हणाली. पण तिच्या कानाशेजारीच पेटीएवढा कर्णा होता आणि त्यातून दीर्घिकांचा समूह गर्जत होता.

खेळ संपला, दिवे लागले, आणि लगेच संगीत लागलं. दोन खेळांच्या मध्ये लावायचं एकच संगीत आहे, तेही त्याच कर्ण्यांतून. ती ओरडत राहिली. खाली झाडणारी बाई संगीताच्या ठेक्यावर झाडत होती.

साडेबाराच्या खेळात तिनं टॉर्च काढली. पत्र्यामागे उजेड धरला की तो भोकांतून पुढे दिसतो, हे तिला माहीत होतं; एकदा चुकून दिसला म्हणून तिनं बोलणी खाल्ली होती. आकाशगंगेच्या डाव्या अंगाला, जिथं काळोख दाट असतो तिथं तिनं टॉर्च टेकवली आणि चालू-बंद, चालू-बंद करायला लागली. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं बोट दाखवलं. "तो कुठला हो तारा?"

आवाजानं मान वर करून बघितलं. बारा वर्षांत त्यानं "मला माहीत नाही" हे तीन शब्द कधी वापरले नव्हते. आता सापडले नाहीत. "छान प्रश्न," तो म्हणाला. "तो स्पंदक तारा. स्वतःभोवती गिरक्या घेतो आणि दर गिरकीला त्याचा झोत आपल्यावर पडतो. बघा, किती नियमित."

वीतबाईनं लगेच अनियमित केलं. दोन लांब, एक आखूड, मग नुसतीच भिरभिर.

"कधीकधी त्यात बिघाडही होतो," आवाज म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला हसू आलं, आणि हसण्यानं पोटावर ताण आला तेव्हा दुसरीच आठवण झाली. तिचं काय झालं ते विचारू नये. बादली शेवटी असते कशाला.

दोनच्या आधी प्रेक्षागृह रिकामं झालं. ती सरपटत चौदाव्या रांगेतल्या एकशे चौदा नंबरच्या पत्र्याशी आली. त्या पत्र्याचे चार स्क्रू, त्यातले दोन गेलेले. वर्षभर ती सांगत होती. दोन लाथा घातल्या तर पत्रा खाली जाईल, तीस फूट. खाली कुणी नाही. धडाम होईल, सगळे धावत येतील, पाच मिनिटांत ती बाहेर आणि खिडकीवर. तिनं तळपाय पत्र्याला लावला. पत्रा डुगडुगला.

मग तिच्या डोळ्यापुढे व्यवस्थापक उभा राहिला. आभाळाचा पत्रा पाडणाऱ्या बाईच्या कागदावर तो काय शेरा मारेल, ते तिला त्याच्या अक्षरासकट दिसलं. पत्रा पाडला तर ती बाहेर येईल, पण बदली त्या पत्र्याखालीच मरेल. नाही पाडला तर बदली चार वाजता आपोआप मरेल. तिनं पाय काढून घेतला. परत लावला. तेवढ्यात खालून शाळेच्या पोरांची रांग आत शिरली आणि बरोबर त्या पत्र्याखालच्या खुर्च्यांवर आदळली. आता तो प्रश्नच मिटला. तिनं उलट दोन्ही तळहातांनी पत्रा दाबून धरला, डुगडुग थांबेपर्यंत.

दोनचा खेळ तिनं नुसता ऐकला. टॉर्चमध्ये जीव राहिला नव्हता. पाठ सिमेंटला, गुडघे पत्र्याला, मान वाकडी. चाळिसावं मिनिट आलं.

"ही दीर्घिकांची भिंत," आवाज म्हणाला. "एका टोकाहून निघालेल्या प्रकाशाला दुसऱ्या टोकाला पोचायला शंभर कोटी वर्षांहून जास्त लागतात. याहूनही कितीतरी मोठी एक रचना सापडल्याचं सांगतात. पण ती खरंच एक रचना आहे, की आपल्यालाच तशी भासते, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही."

"एवढी थोरली भिंत आणि ती आहे की नाही याचंच भांडण," वीतबाई पुटपुटली. "माझी बघा येऊन. नाकाला लागतेय."

साडेतीनचा खेळ सुरू झाला तेव्हा तिनं मोजायला सुरुवात केली. सूर्य आला, तीन पस्तीस. तांबडा तारा, तीन चाळीस. खाली खिडकीवर कारकून आता चष्मा पुसत असेल. आकाशगंगा, तीन अठ्ठेचाळीस. तिच्या डब्याच्या पिशवीत, डब्याच्या वर, चार घड्या घातलेला कागद. गोष्टी मोठ्या होत गेल्या तसा तिचा वेळ आकसत गेला. आवाज आकाशगंगेवर जरा रेंगाळला, कुणीतरी प्रश्न विचारला म्हणून, आणि तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं, जणू चार वाजायचेही थांबले.

मग समूह आला. शेकडो दीर्घिका, थव्यासारख्या. चार वाजून गेले होते.

ती रडली नाही. तिनं फडकं चेहऱ्यावर टाकलं आणि डोळे मिटले. भिंत आली, गेली. शेवटी रिकाम्या जागा आल्या. आवाज त्याच्या ठेवणीतल्या सुरात सांगत होता: तीस कोटी प्रकाशवर्षं रुंद अशी एक पोकळी आहे, तिथं हजारो दीर्घिका असायला हव्यात, सापडल्या जेमतेम साठेक.

"प्रशस्त आहे," फडक्याखालून वीतबाई म्हणाली.

तिला सोडवलं ते चहावाल्या मावशीनं. सव्वाचारला ती कप गोळा करत मोठ्या दाराशी गेली तर मांडणीत वीतबाईच्या चपला. मावशी थांबली. या चपला दारावर तरी असतात नाहीतर पायात तरी. तिसऱ्या ठिकाणी तिनं त्या कधी पाहिल्या नव्हत्या. मग तिला आठवलं, डबाही तसाच आहे. ट्रे तिथंच जमिनीवर ठेवून ती जिन्याकडे सुटली. आणि मावशीचं वजन बघता ती सुटली हेच तारांगणातलं त्या दिवसाचं नवल.

कडी निघाली. आधी बादली बाहेर आली, मग वीतबाई.

"किती वाजले?" तिनं विचारलं.

"साडेचार होत आले गं."

"तुझ्या जिभेला आज साखर लावून ठेव," वीतबाई म्हणाली आणि पायरीवर बसून गुडघे चोळायला लागली.

व्यवस्थापकानं तिला खोलीत बोलावलं. नवा पहारेकरी दाराशी उभा होता, कान लाल करून. आवाजही होता, तो म्हणाला, "मला वाटलं यंत्रात बिघाड आहे. लोकांसमोर तसं कसं सांगायचं?" व्यवस्थापकानं दोघांना बाहेर पाठवलं आणि स्वतःच्या हातानं खुर्ची पुढे केली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"झालं ते वाईट झालं. वर कुठं बोलू नकोस. अर्ज आण, मी घेतो. खिडकी मिटली तरी शिक्का माझ्याकडे आहे. साडेतीनची वेळ टाकतो."

तिनं पिशवीतून कागद काढला. त्याला डब्यातल्या भाजीचा डाग पडला होता. सही केली. व्यवस्थापकानं शिक्का उचलला, शाईवर दाबला आणि कागदावर वीतभर उंच तसाच धरला.

"फक्त एक आहे. पोकळी रिकामी ठेवता येत नाही."

"जाहिरात द्या साहेब."

"जाहिरातीत खांद्याचं माप कसं लिहू? तुझी लेक आहे की. गेल्या महिन्यात तुझा डबा घेऊन आली होती, मी बघितली. अंगानं अगदी तुझ्यावर गेलीय. उद्यापासून ती आत, तू पलीकडे. घरातली नोकरी घरात."

वीतबाई शिक्क्याकडे बघत राहिली. त्याच्या बुडाला शाईचा थेंब जमत होता.

"नाही तर बदली नाही, असं का?"

"असं कुठं म्हटलं मी? सोपं जाईल म्हटलं."

"तिची उंची वाढतेय अजून."

"अठराव्या वर्षी?"

"आमच्यात उशिरा वाढतात," वीतबाई म्हणाली. तिनं हात पुढे करून शिक्क्याखालचा कागद हळूच ओढून घेतला. थेंब टेबलाच्या काचेवर पडला. कागदाच्या पुन्हा चार घड्या घातल्या. "तीन वर्षांनी निघतीलच की परत."

"विचार कर. अशी संधी…"

"साहेब, चौदावी रांग अर्धी राहिलीय. सहाच्या खेळाला आभाळावर पट्टा दिसेल. आणि त्या एकशे चौदाला दोन स्क्रू मागवा. आज नाही पडला तो, उद्या पडेल."

बाहेर पहारेकरी तिच्या चपला दोन्ही हातांत धरून उभा होता. "बाई, मला ठाऊकच नव्हतं हो. कुठं ठेवू?"

"हातात घेऊन चल वर."

जिन्याच्या टोकाला तिनं खिशातून तार काढली, चपला कडीला ओवल्या आणि तारेला चार पीळ दिले. पाचवा दिला. पहारेकऱ्याला म्हणाली, "आता ओढून बघ." त्यानं ओढल्या. निघाल्या नाहीत.

"या खाली आल्या तर समज मी खाली आले. एरवी मी आत."

मावशीनं जिन्याखालून ओरडून विचारलं, चहा घेऊन जाणार का.

"रांग संपल्यावर," वीतबाई म्हणाली. धुतलेल्या बादलीत फडकं बुडवून तिनं पिळलं, आधी डावा खांदा दारातून आत घातला, मग उजवा.